उद्यानातली हरणं कमी करण्यासाठी नियंत्रित शिकार – तुमचं मत काय?

रानजाई | ४ नोव्हेंबर, सकाळी ८:१०

नमस्कार मंडळी,

उत्तर न्यू जर्सीत आमच्या गावाला लागून काउंटीचं एक राखीव जंगल आहे. येत्या जानेवारी-फेब्रुवारीत तिथे हरणांची नियंत्रित शिकार करायचा प्रस्ताव आलाय. महिनाअखेरीला जनसुनावणी आहे. गावातल्या देशी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विरोधाचं पत्र फिरतंय आणि सही करा म्हणून रोज कोणीतरी आठवण करतं. मी अजून केलेली नाही.

मी जन्माची शाकाहारी. हरीण मारायचं म्हटलं की पोटात कालवतं. पण या जंगलात मी वर्षानुवर्षं चालायला जाते आणि तिथे जे दिसतं त्याकडे डोळेझाक करता येत नाही. जमिनीपासून साधारण छातीएवढ्या उंचीपर्यंत हिरवं असं काही उरलेलंच नाही. वर मोठाले ओक आणि मेपल उभे आहेत, पण खाली त्यांची रोपं नाहीत. जे आहे ते जपानी बारबेरी आणि स्टिल्टग्रास, म्हणजे हरणं ज्याला तोंड लावत नाहीत तेवढंच. एक जुना ओक मागच्या वादळात पडला, त्या उजेडात नवं झाड उगवायला हवं होतं. आलं ते फक्त गवत.

तुमच्यापैकी कोणाच्या भागात अशी शिकार झाली आहे का? नंतर जंगल खरंच सुधारलं का? न मारता काही करता येतं का? सुनावणीत मला तीन मिनिटं बोलायला मिळतील. काय बोलावं ते ठरवायला मदत करा.

अबोली_पुणे | ४ नोव्हेंबर, सकाळी ९:०२

माझं मत सरळ आहे. जंगल तोडून कॉलन्या उभारल्या माणसांनी, हरणांच्या वाटांवर हायवे टाकले माणसांनी, आणि आता "जास्त" कोण झालं तर हरणं. सही करून टाका.

शेवंती | ४ नोव्हेंबर, सकाळी ९:४०

रानजाई, आमच्याकडे मेरीलँडमध्ये तर दिवसाढवळ्या अंगणात येऊन बसतात. होस्टा, ट्युलिप, गुलाबाच्या कळ्या, सगळं साफ. मिरच्यांची रोपं बाहेर ठेवली होती, तीही खुडून गेली. कढीपत्त्याची कुंडी आता मी घरातच ठेवते, तो धोका पत्करायची माझी तयारी नाही :)

लसूण, पुदिना, लॅव्हेंडर सहसा सोडतात. बाकी जाळीचं कुंपण आठ फूट तरी हवं, त्याखालचं ती सहज उडी मारून ओलांडतात.

फिलीकर | ४ नोव्हेंबर, रात्री ८:१५

व्हॅली फोर्जचा अनुभव सांगतो, कारण तो नीट नोंदवलेला आहे. वॉशिंग्टनच्या सैन्याने १७७७-७८ चा हिवाळा जिथे काढला ते हे राष्ट्रीय उद्यान, फिलाडेल्फियाच्या जवळ. चारी बाजूंनी उपनगरं. २००९ च्या आसपास तिथे दर चौरस मैलामागे २४१ हरणं होती. उद्यानाने ठरवलेलं लक्ष्य होतं ३१ ते ३५. म्हणजे सात पट जास्त.

२०१०-११ च्या हिवाळ्यात काम सुरू झालं. ही हौशी शिकार नव्हती, हे महत्त्वाचं. केंद्राच्या कृषी खात्याचे प्रशिक्षित नेमबाज, रात्रीची वेळ, उद्यान बंद, ठरलेल्या जागी खाद्य टाकून आलेल्या हरणांवर नेम. पहिल्याच हिवाळ्यात सुमारे ६०० हरणं काढली. मांस गरजूंच्या अन्नछत्रांना गेलं. प्राणीमित्र संघटना कोर्टात गेल्या होत्या, पण कोर्टाने उद्यानाच्या बाजूने निकाल दिला.

मी तिथे सायकल चालवायला जातो. जंगलाच्या आत आता खाली ओकची नि ॲशची रोपं दिसतात, झुडपं परत आली आहेत. पण काम थांबवलेलं नाही, संख्या खाली ठेवण्यासाठी ते करतच राहावं लागतं. सुनावणीत "एकदा मारली की प्रश्न सुटला" असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

रानजाई | ४ नोव्हेंबर, रात्री ९:०५

फिलीकर, मनापासून आभार. आमच्याकडचा प्रस्ताव नेमबाजांचा नाही, परवानाधारक स्वयंसेवक शिकाऱ्यांचा आहे. एसेक्स काउंटीने साउथ माउंटन रिझर्व्हेशनमध्ये २००८ पासून जे केलं तसंच काहीसं. ठरावीक दिवशी जंगल बंद, झाडावरच्या मचाणावरून नेम, मांस फूड बँकेला.

तांबडापांढरा | ४ नोव्हेंबर, रात्री ११:३०

फूड बँकेत पोचलेलं ते मांस बहुतेक बर्गर आणि चिली नावाच्या खिम्याच्या रश्श्यात जातं. कोणीतरी त्यांना सुकं खोबरं आणि कांदा-लसूण मसाला पोचवा रे!

अहिंसक | ५ नोव्हेंबर, सकाळी ६:२०

मारण्याशिवाय पर्याय नाही हे कोणी ठरवलं? गर्भनिरोधक लस आहे, नसबंदी आहे. आपल्याकडे भटक्या कुत्र्यांची नसबंदी करतात, मग हरणांची का नको? इतक्या श्रीमंत देशाला हे जमत नाही यावर विश्वास बसत नाही.

वनस्थ | ५ नोव्हेंबर, रात्री १०:१०

हा माझ्या कामाचाच विषय (न्यूयॉर्क राज्यात वन्यजीव व्यवस्थापन), त्यामुळे थोडं लांबेल.

आधी वाढीचं गणित. पांढऱ्या शेपटीच्या हरणाची मादी चांगलं खायला मिळालं की बहुतेकदा जुळी पाडसं देते, आणि पहिल्याच वर्षी माजावर येऊ शकते. मिशिगनमध्ये जॉर्ज रिझर्व्ह नावाची कुंपण घातलेली जागा आहे, जेमतेम दोन चौरस मैल. १९२८ मध्ये तिथे सहा हरणं सोडली, चार माद्या आणि दोन नर. सहा वर्षांच्या आत ती दीडशेच्या वर गेली. आमच्या क्षेत्रात हे उदाहरण प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवतात. शिकारी प्राणी नाहीत, खाणं भरपूर, मग हेच होणार.

आता अहिंसकांचा प्रश्न. प्रयोग झालेत, आणि मनापासून झालेत. लाँग आयलंडजवळच्या फायर आयलंडवर १९९३ पासून कित्येक वर्षं माद्यांना लस टोचली गेली. काही भागांत संख्या खाली आली, पण तिथे बेट आहे, हरणं माणसाळलेली आहेत आणि टोचणाऱ्याला जवळ जाता येतं. मुख्य भूमीवरच्या उघड्या जंगलात बहुतांश माद्यांपर्यंत पोचायचं आणि लस पुन्हा पुन्हा द्यायची, हे फार अवघड. भटका कुत्रा पकडून सोडता येतो. हरणाला पकडताना भीतीनेच त्याचे स्नायू निकामी होतात आणि ते पुढच्या काही दिवसांत मरू शकतं.

कॉर्नेल विद्यापीठाने इथाकात माद्यांच्या शस्त्रक्रिया केल्या. गर्भनलिका बांधल्या, पण अंडाशय शाबूत ठेवलं. झालं काय, त्या माद्या गाभण राहत नसल्यामुळे पुन्हा पुन्हा माजावर येत राहिल्या आणि आजूबाजूचे नर त्या वासाने तिथे गोळा होऊ लागले. माद्या कमी झाल्या, नर वाढले, एकूण आकडा जवळपास तिथेच. स्टेटन आयलंडवर २०१६ पासून नरांची नसबंदी सुरू आहे. न्यूयॉर्क शहरात शिकारीला बंदी असल्यामुळे हा मार्ग निवडला. बेट असल्यामुळे तिथे उपयोगही झाला, पण खर्च लाखो डॉलर्सचा आणि संख्या हळूहळू उतरते. नसबंदी केलेलं हरीण उरलेलं आयुष्य जंगल खातच राहतं ना.

जंगलाच्या दृष्टीने ढोबळ मर्यादा चौरस मैलाला वीसच्या आसपास धरतात. त्यावर गेलं की नवी झाडं उभी राहत नाहीत. एक हरीण दिवसाला दोन-तीन किलो पाला, कोंब, डहाळ्या खातं. आणि ती निवडून खातात: आधी ट्रिलियमसारखी रानफुलं, ओक, मेपल. खाली झुडपं नसली की जमिनीलगत घरटी करणारे पक्षीही जातात. रानजाईंनी जे पाहिलं ते हेच.

मचाणवाला | ५ नोव्हेंबर, रात्री ११:४५

वनस्थ, उत्तम प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

मी व्हर्जिनियात फेअरफॅक्स काउंटीच्या धनुष्यबाण कार्यक्रमात भाग घेतो. हो, मराठी माणूस, सदाशिव पेठेतला. घरच्यांना पचवायला वेळ लागला. १९९७ मध्ये तिथे गाडी-हरीण अपघातात एक जण दगावल्यावर काउंटीने हरीण व्यवस्थापन हाती घेतलं. आता सप्टेंबर ते फेब्रुवारी उद्यानांत धनुर्धारी असतात, आणि उद्यानं चालणाऱ्यांसाठी उघडी राहतात.

नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते, पार्श्वभूमीची तपासणी होते, जागा ठरवून मिळते. मचाणावरूनच बाण मारायचा, म्हणजे चुकला तरी तो खाली जमिनीत जातो, सपाट उडत नाही. अंतर वीसेक यार्डांचं. मी पुष्कळदा नुसता बसून परत येतो. नेम स्वच्छ मिळत नसेल तर बाण सोडायचा नाही, ही पहिली शिकवण.

अबोली_पुणे | ६ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

मचाणवाला, तुम्ही प्रामाणिक असाल. पण बाण लागून जखमी झालेलं, रात्रभर पळत राहिलेलं हरीण कुठल्या आकड्यात धरतात? गोळीने क्षणात मरतं असं मानलं तरी बाणाने तसं होत नाही. वस्तीजवळ बंदूक नको म्हणून धनुष्य, म्हणजे माणसाच्या सुरक्षेची किंमत प्राण्याच्या वेदनेतून द्यायची.

मचाणवाला | ६ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:५०

अबोली, तुमचा प्रश्न रास्त आहे. फुप्फुसातून बाण गेला तर हरीण काही सेकंदांत, शंभर-दीडशे पावलांत कोसळतं. पण जखमी होऊन निसटलेली असतात हे खरं आहे. आमच्याकडे मारलेल्या आणि हाती न लागलेल्या, दोन्हीची नोंद द्यावी लागते. रानजाई, तुमच्या काउंटीच्या प्रस्तावात ही दुसरी नोंद आहे का ते नक्की विचारा.

मला स्वतःला विचाराल तर निव्वळ वेदनेच्या हिशोबाने फिलीकरांनी सांगितलेली रात्रीची प्रशिक्षित नेमबाजी सर्वांत कमी त्रासाची. ती महाग पडते, म्हणून काउंट्या स्वयंसेवकांकडे वळतात.

वऱ्हाडी_वावर | ६ नोव्हेंबर, रात्री ९:२०

हा धागा वाचून राहावलं नाही. मी यवतमाळ जिल्ह्यातला. तुमच्याकडं ट्युलिप खाल्ले म्हणून सभा भरते, आमच्याकडं रोह्याचा (नीलगायीचा) कळप एका रात्रीत हरभऱ्याचं वावर तुडवून जातो आणि रानडुकरं तुरीचं नि भुईमुगाचं जे करतात ते पाहवत नाही. थंडीत रात्र-रात्र जागल करतो आम्ही. कुंपणाला विजेची झटका मशीन लावली तर बॅटरी चोरीला जाते. पंचनाम्याला माणूस येईपर्यंत पीक वाळून जातं, आणि मिळालेली भरपाई बियाण्याच्या खर्चालाही पुरत नाही. जागलीला गेलेल्या माणसावर वाघ झडप घालतो हेही आमच्याच भागातलं.

"माणसांनी जागा बळकावली" हे पुण्यात बसून म्हणायला सोपं आहे, अबोलीताई. हे वावर माझ्या आजोबाच्या आधीपासून आमचं आहे.

अबोली_पुणे | ६ नोव्हेंबर, रात्री १०:०५

दादा, तुमच्या नुकसानीबद्दल मला पूर्ण सहानुभूती आहे आणि भरपाई वेळेवर, पूर्ण मिळायलाच हवी. पण इथला प्रश्न शेतीचा नाही, फिरायच्या उद्यानाचा आहे. कोणाच्या पोटावर पाय आलेला नाही.

यमुनापार | ७ नोव्हेंबर, दुपारी १:१५

वऱ्हाडी दादांच्या संदर्भात थोडं कायद्याचं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. अमेरिकेसारखा परवाना काढून शिकारीचा हंगाम असा प्रकारच नाही. मात्र कलम ६२ खाली केंद्र सरकार एखाद्या प्राण्याला ठरावीक भागात, ठरावीक मुदतीसाठी उपद्रवी घोषित करू शकतं. बिहारमध्ये नीलगाय आणि रानडुक्कर असे घोषित झाले आणि जून २०१६ मध्ये मोकामा भागात हैदराबादहून आलेल्या नेमबाजांनी दोनशेहून जास्त नीलगायी मारल्या. त्यावरून मनेका गांधी आणि तेव्हाचे पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांच्यात, एकाच मंत्रिमंडळात असून, जाहीर वाद झाला होता.

आणि उद्यानाचंच उदाहरण हवं असेल तर दिल्लीचं हौज खास डीअर पार्क बघा. साठच्या दशकात मोजकी चितळं आणून सोडली. कुंपण, आयतं खाणं, एकही शिकारी प्राणी नाही. वाढत वाढत सुमारे सहाशे झाली. २०२३ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने त्याची मान्यता रद्द केली आणि चितळं राजस्थानातल्या व्याघ्र प्रकल्पांत हलवायला सुरुवात झाली. वाहतुकीत त्यांचे हाल होतात, बागेत वाढलेली चितळं थेट वाघांच्या जंगलात सोडली, अशा तक्रारी झाल्या आणि प्रकरण कोर्टात गेलं. म्हणजे "मारू नका, हलवा" हाही सोपा मार्ग नाही. वनस्थ म्हणाले ते भीतीने मरण्याचं इथेही लागू आहे.

वनस्थ | ७ नोव्हेंबर, रात्री ९:३०

यमुनापार, अगदी समर्पक. चितळाचं आणखी एक उदाहरण अंदमानचं. ब्रिटिशांनी तिथे चितळ नेऊन सोडलं. बेटावर ना वाघ, ना बिबट्या, ना रानकुत्री. आज ती बेटांवरच्या जंगलाची नवी रोपं खाऊन टाकतात. तेच चितळ ताडोबात किंवा पेंचमध्ये प्रश्न होत नाही, कारण तिथे वाघ आहे, बिबट्या आहे आणि कोळसुंद्यांच्या, म्हणजे रानकुत्र्यांच्या, टोळ्या आहेत. प्राणी एकच, फरक फक्त त्याला खाणारा आहे की नाही याचा.

चहाटपरी | ७ नोव्हेंबर, रात्री ९:५०

मग न्यू जर्सीत दोन वाघ पाठवा आपल्याकडून. चंद्रपूरवाले आनंदाने देतील.

वऱ्हाडी_वावर | ७ नोव्हेंबर, रात्री १०:०२

गाडीभाडं मी देतो.

वनस्थ | ७ नोव्हेंबर, रात्री १०:४०

:) लांडगा आणि प्यूमा पूर्वेकडे माणसाने जवळजवळ संपवले. उत्तर न्यू जर्सीची लोकवस्ती पाहता ते परत आणणं शक्य नाही. कोयोटी आले आहेत आणि ते पाडसं मारतात, पण धडधाकट मोठ्या हरणांवर त्यांचा फारसा परिणाम नाही. अस्वलंही काही पाडसं खातात. तेवढ्याने भागत नाही.

कनेक्टिकटकर | ८ नोव्हेंबर, सकाळी ७:००

एक मुद्दा कोणी काढला नाही: गोचिडी. माझ्या बायकोला लाइम (गोचीड चावून होणारा रोग) झाला. आधी नुसता थकवा, मग गुडघा सुजला. निदान उशिरा झालं आणि सांध्यांचं दुखणं कितीतरी काळ पुरलं. आमच्याच राज्यातल्या लाइम गावावरून त्या रोगाचं नाव पडलं. मुलं अंगणात खेळून आली की केसांत, काखेत, गुडघ्यामागे तपासल्याशिवाय घरात घेत नाही. हरणं कमी होत असतील तर माझा या शिकारीला शंभर टक्के पाठिंबा.

वनस्थ | ८ नोव्हेंबर, रात्री ८:२०

कनेक्टिकटकर, वहिनींना लवकर बरं वाटो. पण सुनावणीत लाइमचा मुद्दा जपून मांडायला हवा, म्हणून सांगतो.

हरणाच्या शरीरात लाइमचा जिवाणू टिकत नाही. गोचिडीला तो मिळतो मुख्यतः पांढऱ्या पायांच्या उंदराकडून. हरणाचं काम वेगळं: मोठी गोचीड तिथे रक्त पिते, तिथेच नर-मादी भेटतात, आणि मग एकेक मादी दोनेक हजार अंडी घालते. मेन राज्यातल्या मोनहेगन बेटावर नव्वदच्या दशकाच्या शेवटी सगळीच्या सगळी हरणं काढली, आणि काही वर्षांत गोचिडी फारच कमी झाल्या. पण ते बेट, आणि संख्या शून्य. पन्नासची पंचवीस केली तर लाइम निम्मा होईल असं म्हणायला आधार नाही. उरलेल्या हरणांवर गोचिडी गर्दी करतात. त्यामुळे शिकारीचं समर्थन जंगलासाठी आणि रस्त्यावरच्या अपघातांसाठी करावं. लाइमचं आश्वासन देऊन ती मंजूर करून घेतली आणि आजार कमी झाला नाही, तर लोकांचा विश्वास जाईल.

शेवंती | ८ नोव्हेंबर, रात्री ८:५५

अपघातांवरून आठवलं. सध्या माजाचा काळ आहे, नर वेड्यासारखे माद्यांमागे धावतात. ऑक्टोबर ते डिसेंबर संध्याकाळी गाडी जपून चालवा. एक हरीण रस्ता ओलांडून गेलं की लगेच वेग वाढवू नका, मागून दुसरं येतंच. आणि समोर आलं तर ब्रेक दाबा, पण स्टिअरिंग झटक्याने वळवू नका. झाडावर किंवा समोरच्या गाडीवर आदळण्याचा धोका जास्त.

टेम्सकाठी | ९ नोव्हेंबर, दुपारी ४:१०

लंडनच्या रिचमंड पार्कात पहिल्या चार्ल्सने १६३७ मध्ये हरणांसाठी भिंत घातली, आणि आजही तिथे सुमारे ६३० लाल व फॅलो हरणं आहेत. लोक फोटो काढतात, पोरं बघून खूश होतात. दर वर्षी नोव्हेंबर आणि फेब्रुवारीत रात्री पार्क बंद ठेवून संख्या कमी करतात. एकदा माद्या, एकदा नर. पाट्या लावून आधी सांगतात. लांडगा नाही, जागा मोजकी, तेव्हा हे करावंच लागतं, नाहीतर उपासमार आणि रोगराई होईल, असं ते उघडपणे सांगतात. विरोध करणारेही आहेत, पण लपवाछपवी नसल्यामुळे वाद तुलनेने शांत राहतो.

अबोली_पुणे | ९ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:३०

सगळं वाचलं. जंगल मरतंय हा मुद्दा मी बाजूला ठेवत नाही. पण एक गोष्ट या चर्चेत आलीच नाही आणि ती मला सर्वांत जास्त खटकते.

१९०० च्या सुमारास अमेरिकेत ही हरणं बाजारू शिकारीने जवळजवळ संपवली होती, सगळी मिळून पाचेक लाख उरली होती. आज तीन कोटींच्या घरात आहेत. ही वाढ आपोआप झाली का? नाही. कित्येक राज्यांनी हरणं आणून सोडली, कित्येक ठिकाणी दशकानुदशकं माद्या मारायला बंदी होती, फक्त शिंगवाला नर मारायचा. राज्यांच्या वन्यजीव खात्यांचा पैसा मोठ्या प्रमाणात शिकारीच्या परवान्यांतून येतो, आणि १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका-काडतुसांवरचा जो कर त्यांच्याकडे वळवला त्यातून. मग हरणं मुबलक राहण्यातच ज्या व्यवस्थेचा फायदा आहे, तिनेच हरणं जास्त झाली म्हणून शिकार खुली करायची? मला भीती ही की हे जंगल वाचवण्यासाठी न होता शिकाऱ्यांना दरसालची नवी जागा मिळावी म्हणून होईल.

मचाणवाला | ९ नोव्हेंबर, रात्री ९:१५

अबोली, या धाग्यातला सर्वांत दमदार विरोध हा तुमचा. यातलं बरंचसं मला मान्य आहे. ज्याला भिंतीवर शिंगं लावायची आहेत तो नर मारतो. पण नर कितीही मारले तरी उरलेला एक नर पुष्कळ माद्यांना पुरतो, संख्या तशीच राहते. कमी करायची तर माद्या काढाव्या लागतात. म्हणून न्यू जर्सीच्या काही विभागांत नियम आहे: आधी बिनशिंगाचं हरीण, मगच नर.

मात्र दुसरी बाजू: त्याच कराच्या पैशातून अधिवास विकत घेतले गेले आणि शिकारीशी संबंध नसलेल्या पशुपक्ष्यांचंही संशोधन झालं. सगळं पाप शिकाऱ्याच्या माथी मारू नका.

तांबडापांढरा | १० नोव्हेंबर, सकाळी ८:४०

मसाल्याची चेष्टा मी केली होती, आता गंभीर मुद्दा. मी एका अन्नछत्रात स्वयंपाकाला हातभार लावतो. शिशाची गोळी मांसात फुटते, तिचे बारीक कण जखमेपासून लांबवर पसरतात आणि खिम्यात ते दिसत नाहीत. २००८ मध्ये नॉर्थ डकोटात दान आलेल्या मांसात शिसं सापडल्यावर अन्नछत्रांना ते बाजूला काढायला सांगितलं होतं. शिसं लहान मुलांना फार घातक. मांस गरिबांना देणार असतील तर तांब्याच्या गोळ्या सक्तीच्या करायला सांगा. फुकट मिळतंय म्हणून काहीही ताटात वाढू नये.

रानजाई | १० नोव्हेंबर, रात्री १०:००

हा मुद्दा माझ्या डोक्यातही आला नसता. लिहून घेतला.

अहिंसक | ११ नोव्हेंबर, सकाळी ६:४५

वनस्थ, तुमची माहिती वाचली, लसीच्या मर्यादा समजल्या. तरी मी विरोधातच आहे. जंगल सुधारेल म्हणून समोरच्या जिवंत प्राण्याला मारणं मला पटत नाही. सुनावणीत माझ्यासारखंही कोणी बोललं पाहिजे. रानजाई, तुम्ही काहीही ठरवा, मनाला विचारून ठरवा.

रानजाई | २९ नोव्हेंबर, रात्री ११:२०

मंडळी, काल सुनावणी झाली. सभागृह भरलं होतं. विरोधातले बरेच, बाजूनेही बरेच.

मी विरोधाच्या पत्रावर सही केली नाही. शिकारीच्या बाजूने बोलले, पण अटी घालून, आणि त्या बहुतेक सगळ्या या धाग्यातूनच घेतल्या. अपघात मांडले, लाइमचं नाव काढलं नाही. मागितलं ते असं: माद्या आधी, शिंगांसाठी नर नाही. जखमी होऊन निसटलेल्या हरणांची नोंद जाहीर करा. मांस अन्नछत्राला जाणार तर तांब्याच्याच गोळ्या. आणि शिकार सुरू व्हायच्या आधीच जंगलात काही तुकड्यांना उंच कुंपण घाला, म्हणजे हरणं आत न गेल्यावर काय उगवतं आणि बाहेर काय उगवतं हे दर वर्षी मोजता येईल. साउथ माउंटनमध्येही असे कुंपणातले तुकडे केले आहेत. किती हरणं मारली हा आकडा मला नको होता, किती ओक उभे राहिले हा हवा होता. पाच वर्षांत रोपं वाढली नाहीत तर कार्यक्रम पुन्हा सुनावणीला आणा, आपोआप चालू ठेवू नका.

अबोली, निधीचा तुमचा प्रश्न मी जसाच्या तसा विचारला. उत्तर मिळालं की हा कार्यक्रम काउंटीच्या पैशातून आहे आणि शिकाऱ्यांना फी नाही. शिंगं त्यांना ठेवता येतील का, यावर स्पष्ट उत्तर मिळालं नाही. लेखी विचारलंय.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काही जण नाराज आहेत. एका मावशींनी फोन करून "तू असं बोलशील असं वाटलं नव्हतं" म्हटलं. मी त्यांना शनिवारी जंगलात फिरायला बोलावलंय, त्या येते म्हणाल्यात.

निर्णय डिसेंबरच्या बैठकीत होईल.

अबोली_पुणे | ३० नोव्हेंबर, सकाळी ८:१५

मी तुमच्या जागी असते तर विरोधातच बोलले असते. पण कुंपणाच्या तुकड्यांची अट चांगली आहे, ती सोडू नका. शिंगांचं उत्तर आलं की इथे लिहा. शिंगं ठेवता येत असतील तर ती अट लिहून घ्या, नाहीतर माद्या आधी हा नियम कागदावरच राहील.

फिलीकर | ३० नोव्हेंबर, रात्री ९:००

उत्तम मांडलंत. एकच सूचना: कुंपणाचे तुकडे एकाच जागी नको. ओढ्याकाठी, उतारावर आणि वस्तीला लागून असे वेगवेगळे घ्यायला सांगा. आणि प्रत्येकाच्या शेजारी तेवढाच बिनकुंपणाचा तुकडा खुणा करून ठेवा, नाहीतर तुलना कशाशी करणार?

वनस्थ | ३० नोव्हेंबर, रात्री ९:४५

+१. आणि पहिली मोजणी या वसंतातच करा, एप्रिल-मेमध्ये, रानफुलं वर असताना. काउंटीकडे माणसं कमी असतील तर स्वयंसेवक घेतात. मोजणीचा तक्ता कसा करायचा ते मी पाठवतो, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.